साक्ष : उपदेशकाची भीती आणि श्रोत्यांचे धैर्य

१

काही वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातील एका खेड्यात बौद्धवस्तीवर हल्ला झाला. घरांवर दगड आले, दोघांची डोकी फुटली, पाणवठ्याची वाट बंद झाली. तिसऱ्या दिवशी आम्ही काही शिक्षक आणि कार्यकर्ते तेथे गेलो. समाजमंदिरात सभा झाली. मी तासभर बोललो. कायद्याची कलमे सांगितली, बाबासाहेबांचे दाखले दिले, मनुस्मृतीपासून आजपर्यंतचा इतिहास उभा केला. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी उठली आणि तिने मला विचारले, "गुर्जी, तुमाला भ्या वाटत न्हाई का?"

मी म्हणालो, "नाही आजी. भ्यायचं कशाला?"

"मग बरं हाय तुमचं," असे म्हणून ती निघून गेली.

मी खोटे बोललो होतो. येताना वेशीवर उभा असलेला जमाव पाहून माझे पाय लटपटले होते. बोलतानाही माझे लक्ष घड्याळाकडे होते, कारण शेवटची एस.टी. चुकली असती तर रात्र त्या गावात काढावी लागली असती. दुसऱ्या दिवशी तालुक्याला चौदा माणसे जबाब द्यायला यायची होती. दोनच आली.

बाकीचे बाराजण का आले नाहीत, याची कारणे पुष्कळ आहेत. मजुरी त्याच गावात, उधारी त्याच दुकानात, आणि पोलिसांवर विश्वास ठेवावा असा अनुभव नाही. पण आणखी एक कारण माझ्या भाषणात होते, असे मला पुढे वाटू लागले. मी निर्भयतेचा आव आणून बोललो आणि भीती ही फक्त त्यांचीच वस्तू ठरवली. बोलणारा शूर आणि ऐकणारा भित्रा, अशी रेघ मी ओढली. ज्याला आपली भीती लाजिरवाणी वाटते तो माणूस साक्ष द्यायला पुढे येत नाही. तो घरात बसतो.

या प्रश्नाचा विचार करता करता मी एका अनपेक्षित ठिकाणी पोचलो. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे चर्च आणि तेथील उपदेश. मी बौद्ध आहे, ख्रिस्ती धर्माचा प्रचार करण्याचे मला कारण नाही. परंतु पीडित माणसांसमोर उभे राहून बोलण्याची एक मोठी परंपरा तेथे घडली. तिच्यात भावनेला आणि बोलणाऱ्याच्या अगतिकतेला काय स्थान आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे असे मला वाटते.

२

अमेरिकन कृष्णवर्णीयांशी आपले नाते नवे नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य बोलून दाखवले होते. पुढे अमेरिकेत अभ्यास करून आलेल्या म. ना. वानखेडे यांनी आणि जनार्दन वाघमारे यांनी तिकडच्या साहित्याचा परिचय मराठीत करून दिला. त्या काळच्या पुस्तकांत 'निग्रो' हाच शब्द असे. १९७२ साली दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. कविता आली, कादंबरी आली, पँथर आला. पण माँटगोमेरीची माणसे ज्या चर्चमधून रस्त्यावर उतरली ते चर्च मात्र आपल्या विचारात फारसे आले नाही. देव नाकारून उभ्या राहिलेल्या चळवळीला देवळातून उठलेली चळवळ थोडी परकी वाटणे स्वाभाविक होते.

त्या चर्चचा जन्म गुलामगिरीत झाला. मालकांच्या देखरेखीखाली जो उपदेश गुलामांना ऐकवला जाई त्याचे सार एकच असे: धन्याची आज्ञा पाळा. म्हणून गुलाम रात्री रानात, झाडीत चोरून जमत. तेथे त्यांच्यातलाच एकजण बोले. पुष्कळदा त्याला अक्षरओळख नसे. बायबलातील गोष्टी ऐकून पाठ केलेल्या असत. मोशे आणि फारो यांची गोष्ट तो सांगे तेव्हा फारो कोण हे कोणाला समजावून द्यावे लागत नसे. लेकरू विकले गेलेली आई समोर बसलेली असे आणि बोलणाऱ्याचीही आई कोठे तरी विकली गेलेली असे. वक्ता आणि श्रोता यांच्या दुःखात अंतर नव्हते, म्हणून ते लपवण्याचेही कारण नव्हते.

या उपदेशाची घडण समजून घेण्यासारखी आहे. उपदेशक सुरुवात अगदी खालच्या आवाजात, घरी बोलावे तशी करतो. घाई करीत नाही. बायबलातील एखादा प्रसंग घेऊन तो काल आपल्या गल्लीत घडला असावा असा सांगतो. ऐकणारी मंडळी गप्प बसत नाही. 'होय', 'सांग', 'खरे आहे' असे शब्द मधे पडत राहतात. आपल्या तमाशात आणि पोवाड्यात झीलकरी शाहिराचा शब्द उचलून धरतो, तसेच हे आहे. फरक इतकाच की तेथे सारी सभाच झीलकरी असते. उपदेशक अडखळला तर मंडळी त्याला सावरते, तो फार लांबला तर वळवते. शेवटाकडे आवाज चढत जातो, बोलण्याचे गाणे होते, लोक उठून उभे राहतात, रडतात. डेट्रॉइटचे उपदेशक सी. एल. फ्रँकलिन या शैलीसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या उपदेशांच्या तबकड्या निघत आणि त्या घरोघरी ऐकल्या जात. प्रख्यात गायिका अरीथा फ्रँकलिन ही त्यांची मुलगी.

या साऱ्यात एक भाग असतो त्याला मराठी ख्रिस्ती मंडळी 'साक्ष' म्हणतात. 'साक्ष देणे' म्हणजे माझ्यावर काय गुजरले, मी कोठे खचलो, आणि कशाच्या बळावर उठलो, हे चारचौघांत सांगणे. कोर्टातल्या साक्षीला आणि या साक्षीला आपल्या भाषेत एकच शब्द असावा, याचे मला आता नवल वाटत नाही.

३

मार्टिन ल्यूथर किंग याच परंपरेत जन्मले. वडील आणि आजोबा दोघेही उपदेशक. तरीही तरुणपणी त्यांना चर्चमधील आरडाओरड, रडणे, पाय आपटणे यांची लाज वाटे. त्यांनी स्वतःच तसे लिहून ठेवले आहे. शिकलेल्या दलित तरुणाला आपल्या आईच्या ओव्यांची आणि अंगात येण्याची जी लाज वाटते तीच ही लाज. १९५४ साली ते माँटगोमेरीच्या ज्या डेक्स्टर अॅव्हेन्यू चर्चचे पाळक झाले तेथील मंडळी सुशिक्षित आणि संयमी म्हणून ओळखली जाई. तेथे उपदेश म्हणजे व्यवस्थित मांडलेला विचार.

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना बसमधील जागेवरून अटक झाली. ५ डिसेंबरला बसवर बहिष्कार सुरू झाला आणि सव्वीस वर्षांचे किंग त्याचे नेते झाले. त्यानंतर घरी धमक्यांचे फोन येऊ लागले. २७ जानेवारी १९५६ च्या रात्री उशिरा असाच एक फोन आला: गाव सोड, नाहीतर परिणाम भोग. पत्नी आणि दोन-अडीच महिन्यांची मुलगी झोपलेली होती. किंग स्वयंपाकघरात गेले, कॉफी केली आणि टेबलाशी बसले. ती प्यावी अशीही मनःस्थिती नव्हती. भित्रा न ठरता या सगळ्यातून अंग कसे काढून घेता येईल, याचाच ते विचार करीत होते. शेवटी त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली. तिचा आशय असा, की मी योग्य गोष्टीसाठी उभा आहे हे मला ठाऊक आहे, पण मला भीती वाटते. लोक माझ्याकडे पाहतात, मीच गळाठलो तर तेही गळाठतील. आणि माझ्याजवळ आता काही उरलेले नाही. तेव्हा आतून आधार मिळाल्याचा अनुभव आला, असे ते सांगतात. तीन दिवसांनी, ३० जानेवारीला, त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. संतापलेला, हत्यारे घेतलेला जमाव अंगणात जमला आणि किंग यांनी त्याला शांत केले.

तो आतला आधार देवाचा होता की माणसाच्या मनाचा, या वादात मी पडत नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. स्वयंपाकघरातली ती रात्र कोणी पाहिली नव्हती. ती लपवून ठेवणे सोपे होते आणि नेत्याच्या प्रतिष्ठेला सोयीचेही होते. किंग यांनी ती १९५८ च्या आपल्या पुस्तकात छापली, आणि पुढे उपदेशांतूनही सांगितली. मी पळून जाण्याच्या वाटा शोधत होतो, हे त्यांनी ज्यांना न पळण्यास सांगायचे होते त्यांनाच सांगितले.

जानेवारी १९५७ मध्ये याच्याही पुढचा प्रसंग घडला. बहिष्कार यशस्वी झाला होता, परंतु सूड म्हणून माँटगोमेरीत चर्च आणि पाळकांची घरे बॉम्बने उडवली गेली. आपल्यामुळे लोक मरतील ही टोचणी किंग यांना लागली होती. एका सभेत प्रार्थना करताना, कोणाला मरायचेच असेल तर ते मरण मला येवो, असे म्हणत असताना त्यांचा कंठ दाटला. पुढे शब्दच फुटेना. सहकारी पाळकांनी धरून त्यांना खुर्चीवर बसवले. किंग लिहितात की त्या जाहीर कोसळण्यानंतर त्यांना मोकळे वाटले. लोकांनी त्यांना सोडले नाही. उलट, हाही आपल्यासारखाच माणूस आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

या परंपरेचा एक धागा आपल्या देशालाही येऊन भिडतो. १९५९ साली किंग भारतात आले होते. दौऱ्याची व्यवस्था गांधी स्मारक निधीने पाहिली होती, त्यामुळे आपल्या वस्त्यांशी आणि आपल्या चळवळीशी त्यांची गाठ कितपत पडली असेल याची शंका राहते. पण ४ जुलै १९६५ रोजी अटलांटातील आपल्या चर्चमध्ये उपदेश करताना त्यांनी या दौऱ्यातली एक गोष्ट सांगितली. दक्षिणेतील एका शाळेत, जेथे पुष्कळशी मुले अस्पृश्य मानलेल्या घरांतली होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतील एक अस्पृश्य बंधू' अशी करून दिली. किंग यांना धक्का बसला, क्षणभर रागही आला. मग त्यांनी आपल्या लोकांच्या झोपडपट्ट्यांचा आणि दारिद्र्याचा विचार केला आणि स्वतःशी म्हटले, होय, मी अस्पृश्य आहे. तो राग लपवूनही ही गोष्ट सांगता आली असती. पण तो सांगितला म्हणून गोष्टीला जोर आला. वरच्या पायरीवर चढलेल्या माणसाला खालच्या पायरीचे नाव घेताना आत काय होते, हे आपल्यातील प्रत्येक सुशिक्षिताने अनुभवलेले आहे. आडनाव सांगताना आपण थबकतो ते उगीच नाही.

४

या परंपरेचे सर्वांत मोठे उदाहरण ३ एप्रिल १९६८ चे आहे, आणि ते सफाई कामगारांच्या संपाशी जोडलेले आहे हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या मोटारीच्या मागच्या भागात बसलेले दोन कृष्णवर्णीय कामगार, यंत्र अचानक सुरू झाल्याने चिरडून मेले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे तेराशे सफाई कामगार संपावर गेले. त्यांच्या हातातील फलकांवर एवढेच लिहिलेले असे: मी माणूस आहे. गटारात आणि मैल्याच्या टाकीत उतरून गुदमरून मेलेल्या आपल्या माणसांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होऊनही ते मरण थांबलेले नाही.

त्या रात्री मेम्फिसमध्ये वादळ होते. किंग थकलेले, आजारी होते आणि सभेला येणारही नव्हते. लोक वाट पाहत आहेत असा सहकाऱ्याचा निरोप आला म्हणून आले आणि कागद हातात न घेता बोलले. १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये एका मनोरुग्ण बाईने त्यांच्या छातीत सुरी खुपसली होती. पाते मुख्य रक्तवाहिनीला इतके लागून होते की नुसती शिंक आली असती तरी प्राण गेला असता. ही हकीकत त्यांनी सांगितली. मला शिंक आली नाही म्हणून मी अमुक पाहिले, तमुक पाहिले, असे म्हणत चळवळीचा सारा इतिहास त्या एका शिंकेला टांगला. स्वतःच्या मरणाबद्दल बोलले, दीर्घ आयुष्य आपल्यालाही हवेसे वाटते हे कबूल केले. दुसऱ्या दिवशी, ४ एप्रिलला, त्यांचा खून झाला.

या भाषणाचा शेवट सगळ्यांना माहीत असतो. पण मधला भाग अगदी रोकडा आहे. अमुक कंपनीचे थंड पेय घेऊ नका, अमुक कंपनीचे दूध आणि पाव घेऊ नका, आपले पैसे गोऱ्यांच्या बँकेतून काढून कृष्णवर्णीयांच्या बँकेत ठेवा, संपकऱ्यांबरोबर मोर्चात चला, अशा सूचना त्यात नावानिशी आहेत. भावना आणि कार्यक्रम एकाच भाषणात होते. लोकांना रडवून त्यांनी घरी पाठवले नाही, त्यांच्या हाती काम दिले. १६ एप्रिलला शहराने कामगारांच्या युनियनला मान्यता दिली, पगारवाढ कबूल केली, आणि संप मिटला.

५

एवढ्यावरून चर्चमधील प्रत्येक अश्रू क्रांतिकारक असतो असे कोणी समजू नये. मी लहान असताना ख्रिसमसच्या सुट्टीत मावशीकडे जात असे. माझ्या आईची ही मावसबहीण नगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती घरात दिलेली होती. रविवारी तिच्याबरोबर मीही देवळात जाई. पाळकसाहेब चांगले बोलत, त्यांचा आवाज भिजलेला असे. ते म्हणत, आपण सारे पापी आहोत, आपल्या पापामुळेच आपण दुःखात आहोत. बाया पदर डोळ्यांना लावीत. मावशीही रडे. मला तेव्हाही कळत नसे की दिवस उगवायच्या आधी खुरपायला जाणाऱ्या आणि अंधार पडल्यावर परत येणाऱ्या या बाईने पाप केले तरी कधी? तिला तेवढा वेळ तरी कोठे होता?

पुढे बाबासाहेबांचे धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांवरील लेखन वाचले आणि माझा तो बालिश प्रश्न तेथे शास्त्रशुद्ध मांडलेला सापडला. हे लेखन १९८९ साली त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आले. बाबासाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे. ख्रिस्ती होण्यापूर्वी अस्पृश्याला समजत असते की आपली अवनती सवर्णांच्या अन्यायामुळे झाली. ख्रिस्ती झाल्यावर त्याला शिकवले जाते की ती आदिपापामुळे झाली. ज्याला आपल्या दुःखाचे कारण स्वतःच्या आत सापडले, तो भोवतालची परिस्थिती बदलण्यासाठी हात उचलीत नाही. एतद्देशीय ख्रिस्ती समाजाने सामाजिक अन्यायाविरुद्ध लढा उभारला नाही याचे मर्म त्यांनी येथे शोधले. उपदेशावरची याहून मूलगामी टीका मी वाचलेली नाही.

अश्रूंचा आणखी एक बाजार आहे. २१ फेब्रुवारी १९८८ रोजी जिमी स्वॅगर्ट हे अमेरिकेतील प्रसिद्ध गोरे दूरदर्शन-उपदेशक लाखो लोकांसमोर ढसाढसा रडले. एका वेश्येशी असलेला त्यांचा संबंध उघड झाला होता. त्यांनी पापाची कबुली दिली. परंतु त्यांच्या संप्रदायाने दीर्घ काळ उपदेश थांबवण्याची शिक्षा दिली तेव्हा ती त्यांनी मानली नाही. संप्रदाय सुटला, व्यासपीठ मात्र सोडले नाही. येथेही उपदेशक उघडा पडला होता, येथेही भावना होती. पण त्या भावनेतून श्रोत्याला काय मिळाले? क्षमा करण्याचे काम, एवढेच.

तेव्हा अश्रू पारखायचे कसे? मला तीन प्रश्न उपयोगी वाटतात. दुःखाचे कारण वक्ता कोठे दाखवतो, ऐकणाऱ्याच्या पापात की समाजाच्या रचनेत? उघडे पडल्याने वक्ता स्वतः काही गमावण्याच्या जागी उभा राहतो, की आपली खुर्ची राखतो? आणि सभा संपल्यावर लोकांच्या हाती उद्याचे काही काम असते की नाही? या तीन प्रश्नांना उतरले ते अश्रू चळवळीचे. न उतरले ते फक्त पदर भिजवतात.

चौथी गोष्ट कृष्णवर्णीय चर्चविषयीच सांगितली पाहिजे. तेथे रडणाऱ्या, गाणाऱ्या, उपदेशकाला सावरणाऱ्या बहुसंख्य स्त्रियाच होत्या. व्यासपीठ मात्र दीर्घकाळ पुरुषांच्या ताब्यात राहिले. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनच्या सभेत किंग लिहिलेले भाषण वाचत असताना जवळ उभ्या असलेल्या गायिका महेलिया जॅक्सन यांनी त्यांना स्वप्नाविषयी सांगण्यास हाक दिली, आणि त्यानंतर किंग लिहिलेला मजकूर सोडून बोलले. जगाला आठवतो तो भाग हाच. स्त्रीने झील धरावी आणि पुरुषाने बोलावे, ही वाटणी आपल्याही सभांत आहे.

६

आपल्याकडे या दिशेने ज्यांनी विचार केला त्यांत अरविंद निर्मळ हे महाराष्ट्रातून गेलेले ख्रिस्ती धर्मपंडित प्रमुख होत. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी केलेल्या भाषणापासून दलित ख्रिस्ती धर्मविचाराची सुरुवात मानली जाते. भारतातील ख्रिस्ती धर्मविचार ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशी सांगड घालण्यात गुंतला आणि बहुसंख्य ख्रिस्ती ज्या समाजातून आले त्या दलितांचा अनुभव त्याने बाजूला ठेवला, ही त्यांची तक्रार होती. त्यांच्या मते दलिताला ज्ञान होते ते वेदनेतून. आधी वेदना, मग कृती. वेदनेला न शिवता केलेली कृती पोकळ राहते. दलित साहित्याने वेदना, नकार आणि विद्रोह ही त्रयी सांगितली तेव्हा तिच्यातही वेदना पहिली होती. पण आपल्या व्यासपीठावरून आपण नकार आणि विद्रोह तेवढे बोलतो. वेदना आपण कवितेकडे सोपवली आहे आणि आत्मकथनांकडे.

कोणी म्हणेल, आपण बुद्धिवादी, आपल्याला हे रडणे कशाला? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत राजकारणातील भक्तीविरुद्ध स्पष्ट इशारा दिला होता, आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु भक्ती आणि साक्ष या दोन गोष्टी आहेत. भक्ती वक्त्याला उंच नेऊन बसवते. साक्ष त्याला खाली, लोकांच्या रांगेत आणते. आणि याचा दाखला खुद्द बाबासाहेबांच्याच लेखनात आहे. बडोद्यात पारशी खानावळीतून हाकलले गेले तो प्रसंग त्यांनी स्वतः लिहिला आहे. काठ्या घेतलेल्या पारशांसमोर आपण भेदरून दयेची याचना करीत उभे होतो, असे ते सांगतात, आणि अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग डोळ्यांत पाणी आल्याशिवाय आठवत नाही, असेही सांगतात. कोलंबियात शिकून आलेला, पुढे संविधान लिहिणारा माणूस स्वतःच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे वर्णन करतो. त्याने त्यांचा अधिकार कमी झाला असे कोण म्हणेल?

मी पुन्हा त्या गावी गेलो. ती म्हातारी तोवर वारली होती. तिच्या सुनेने चहा दिला. तिच्यासमोर आणि ओट्यावर जमलेल्या आठ-दहा माणसांसमोर मी एवढेच सांगितले, की त्या दिवशी मी आजीला खोटे बोललो, मलाही भीती वाटत होती आणि आजही वाटते. कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने एकजण म्हणाला, "मंग आमी येकटेच भेत नव्हतो म्हना की."

खटला अजून उभा आहे. पुढच्या तारखेला किती जण येतील हे मी सांगू शकत नाही. मात्र या वेळी मी आदल्या रात्रीच तेथे मुक्कामाला जाणार आहे.